चौदा गावांचा देश : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात या सदरात मी पॅसिफिकमधल्या न्यूए बेटाचा थोडक्यात उल्लेख केला, आणि संपादकांकडून पत्रांचा गठ्ठाच आला. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पण ओशिआनियाचं पान आलं की "हे परीक्षेला येत नाही" म्हणून उलटून पुढे जाणाऱ्यांतलीच मी. निवृत्तीनंतर लेकीकडे ऑकलंडला राहायला लागले, तर भिंतीला भिंत लागून न्यूएच्या एक बाई शेजारीण निघाल्या. त्यांच्या नातवाच्या समारंभाला गेल्या जुलैत त्यांच्याबरोबर आठ दिवस बेटावर जाऊन आले. आठ दिवसांचं पाहणं आणि नंतर शेजारीणबाईंच्या ओट्यावर बसून ऐकलेलं, वाचलेलं. त्या भांडवलावर ही उत्तरं.

प्रश्न : तुम्ही 'न्यूए' लिहिता, आमच्या नकाशात 'निऊ' छापलंय. बरोबर काय? आणि हे नेमकं आहे कुठे?

न्यूए. शेवटचा 'ए' गिळायचा नाही, नाहीतर शेजारीणबाई थांबवून पुन्हा म्हणायला लावतात. 'निऊ' म्हणजे नारळ आणि 'ए' म्हणजे आपलं 'बघा!' किनाऱ्याला लागलेल्या कुणीतरी "हा बघा नारळ!" असं ओरडावं, तसं हे देशाचं नाव.

न्यूझीलंडपासून ईशान्येला सुमारे २,४०० किलोमीटर गेलात की पोचलात. पश्चिमेला टोंगा, उत्तरेकडे सामोआ, पूर्वेकडे कुक बेटं, आणि मधल्या मोकळ्या पाण्यात हे एकटं. क्षेत्रफळ साधारण २६० चौरस किलोमीटर. किनाऱ्याने फिरणारा रस्ता ६५ किलोमीटरच्या आसपास भरतो. सकाळी निघालात तर मध्ये दोनदा पोहून, डबा खाऊनही दिवे लागायच्या आत परत.

ऑकलंडहून विमान साडेतीन तासांचं. पण मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडावी लागते, त्यामुळे मी मंगळवारी सकाळी निघाले आणि सोमवारी दुपारी उतरले. हा प्रश्न आयुष्यभर दहा-दहा मार्कांना घातला होता. स्वतःच्या गोळ्यांच्या डबीत सोमवारचा कप्पा रिकामा बघून मात्र मीच गोंधळले.

उच्चाराचं आणखी एक. न्यूएच्या भाषेत रोमन 'जी' अक्षर 'रंग'मधल्या 'ङ'सारखं उच्चारतात, आणि 'ई' किंवा 'ए'च्या आधी आलेला 'त' बहुधा 'स' होतो. त्यामुळे पाटीवर 'आवातेले' लिहिलेलं गाव तोंडात 'आवासेले' होतं. बेटाचे २०२० मध्ये सरकारप्रमुख झाले ते डाल्टन तांगेलांगी, 'टागेलागी' नव्हेत. ॲटलास छापणाऱ्यांना हे कोण सांगणार!

प्रश्न : मी नाणी जमवतो. एका प्रदर्शनात चांदीचं नाणं घेतलं. एका बाजूला राणी एलिझाबेथ आणि 'न्यूए, २ डॉलर', दुसऱ्या बाजूला कार्टूनमधला उंदीर. असा देश खरंच आहे, की मी फसलो?

देश आहे, आणि तशी नाणीही आहेत. बेटावरचा रोजचा व्यवहार न्यूझीलंड डॉलरमध्ये चालतो. दुकानात तुमचा उंदीर कुणी पुढे करत नाही. ही नाणी संग्राहकांसाठी. पाडली जातात बाहेरच्या टांकसाळींत, न्यूए सरकार आपलं नाव वापरायला परवानगी देतं आणि त्याचा मोबदला घेतं. २०११ मध्ये तर अंतराळयुद्धाच्या प्रसिद्ध सिनेमातली पात्रं नाण्यांवर आली. म्हणजे कायद्याने ते चलन आहे, आणि ते मोडायला तिथवर जाणारा कुणी नाही. तुम्ही दिलेली किंमत रास्त होती का, ते मात्र सराफाला विचारा. भूगोलाच्या बाईंना नको.

हसू नका. जमीन खडकाळ, कारखाना काढायला माणसं नाहीत, तेव्हा विकायला उरतं काय? नाव. टपाल तिकिटं हा तसलाच जुना धंदा. इंटरनेटच्या पत्त्यांत प्रत्येक देशाला दोन अक्षरं मिळाली, त्यात न्यूएच्या वाट्याला 'एन-यू' आली. आता स्वीडिश भाषेत 'नू' म्हणजे 'आत्ता'. त्यामुळे स्वीडनमधल्या लोकांनी ते पत्ते धडाधड घेतले, आणि त्याचे पैसे आपल्याला मिळाले नाहीत म्हणून न्यूए सरकार कित्येक वर्षं भांडतंय. घरची अक्षरं दुसऱ्याच्या अंगणात पिकली.

प्रश्न : मी नववीत आहे. तुम्ही लिहिलंत की न्यूएवर एकही नदी नाही, ओढाही नाही. मग लोक पाणी कुठलं पितात?

शाब्बास, हा खरा प्रश्न. याला जरा वेळ देते.

न्यूए म्हणजे वर उचललेलं प्रवाळ कंकण. तुमच्या पुस्तकातली प्रवाळ बेटं पाण्याच्या जेमतेम वर असतात आणि मधोमध खारं सरोवर असतं. न्यूएही एके काळी तसंच होतं. पण पॅसिफिकचा भूपट्ट पश्चिमेकडे सरकत टोंगाच्या गर्तेत खाली घुसतो. प्लॅस्टिकची पट्टी टेबलाच्या कडेवर वाकवून बघ : कडेपलीकडे ती खाली जाते, पण त्याआधी थोडी वर फुगते. त्या फुगवट्यावर न्यूए बसलंय. म्हणून अख्खं कंकण उचललं गेलं, सरोवर कोरडं पडलं आणि आता त्याच्या तळाचं पठार झालंय. सगळ्यांत उंच जागा ७० मीटरच्या आसपास, म्हणजे डोंगर म्हणावा असा एकही नाही. किनाऱ्याकडून आत जाताना दोन पायऱ्या चढल्यासारखं वाटतं, बस.

आता हा सगळा दगड चुनखडीचा आणि जाळीदार. पाऊस भरपूर पडतो, पण वाहायला थांबत नाही, जिथे पडला तिथेच मुरतो. खाली समुद्राचं खारं पाणी खडकात शिरलेलंच असतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते त्यावर तरंगतं आणि बेटाच्या पोटात भिंगाच्या आकाराचा साठा तयार होतो, मध्ये जाड, कडेला पातळ. ढोबळ हिशेब असा की समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटर असतं. बोअर घेऊन ते वर काढतात. हावरटपणे उपसलं तर खालून खारं पाणी वर चढतं, मग ती बोअर गेलीच म्हणायची. शिवाय घरांच्या पत्र्यांवरचं पावसाचं पाणी टाकीत साठवतात.

नदीच नसल्याने समुद्रात गाळ जात नाही. म्हणून तिथलं पाणी इतकं नितळ की कड्यावर उभी राहून मी खालच्या खडकातली सापासारखी वळवळ पाहिली. साप म्हणजे सापच! काळे-पांढरे पट्टे असलेला कातुआली, फक्त न्यूएच्याच समुद्रात सापडणारा. विषारी आहे, पण तोंड इवलंसं आणि स्वभाव गरीब. पोरं त्याच्या शेजारी पोहत होती. मी पाय वर घेऊन बसले.

आणि बदकाची गोष्ट सांगायलाच हवी. २०१८ च्या सुरुवातीला कुठूनसं एक बदक बेटावर येऊन पडलं. बेटावर तळं नाही, ओढा नाही, दुसरं बदकही नाही. ते रस्त्याकडेच्या एका डबक्यात राहिलं. लोकांनी नाव ठेवलं ट्रेव्हर, कारण न्यूझीलंडच्या संसदेच्या तेव्हाच्या सभापतींचं नाव ट्रेव्हर आणि आडनाव बदकाच्या जातीचं. डबकं आटायला लागलं की अग्निशमन दलाची गाडी येऊन ते भरून जायची. वर्षभराने, जानेवारी २०१९ मध्ये, कुत्र्यांनी त्याला मारलं. शेजारीणबाईंनी मला ती जागा मुद्दाम गाडी थांबवून दाखवली. ओलसुद्धा नव्हती. एका बदकापुरतं उघडं पाणी जमिनीवर टिकवायला जिथे बंब लागतो, तिथली चुनखडी काय चीज आहे ते यावरून लक्षात ठेव. व्याख्या पाठ करायची गरज नाही.

प्रश्न : चहूकडे कडे आहेत म्हणता, मग बंदर?

नाही. आलोफी या राजधानीच्या गावी, कड्याखाली, एक धक्का आहे. त्याला सर रॉबर्ट यांचा धक्का म्हणतात. मालवाहू जहाज बाहेर उभं राहतं आणि सामान छोट्या तराफ्यांवरून आणून क्रेनने उचलतात. मासेमारीच्या होड्याही क्रेनला टांगून पाण्यात सोडतात आणि परतल्यावर टांगूनच वर घेतात. पर्यटकांच्या शिडाच्या बोटी बाहेर बोयाला बांधलेल्या असतात. त्यांची छोटी डिंगी तेवढी क्रेनला लटकून वर येते. एका संध्याकाळी मी तिथे तासभर बसले. एक आजोबा एकट्याने आले, होडीला पट्टे अडकवले, स्वतःच क्रेन चालवून होडी गाडीच्या ट्रेलरवर ठेवली आणि माशांची पिशवी घेऊन घरी गेले. जहाजाला उशीर झाला की दुकानातले कांदे-बटाटे संपतात. त्याबद्दल कुणी तक्रार करताना दिसलं नाही. अळकुड्या घरच्या असतात.

जानेवारी २००४ मध्ये हेटा नावाचं चक्रीवादळ आलं, तेव्हा लाटा कड्याच्या माथ्यावरून आत शिरल्या. दोन जीव गेले, आलोफीचं इस्पितळ गेलं आणि संग्रहालयही, त्यातल्या बहुतेक जुन्या वस्तूंसकट. नवं इस्पितळ किनारा सोडून आत बांधलं. आलोफीत समुद्राच्या बाजूला नुसते चौथरे दिसतात, ते त्या रात्रीचे.

प्रश्न : मी दहा वर्षं सरपंच होतो. आमच्या गावची लोकसंख्या साडेचार हजार. तुमच्या देशाची सतराशे, आणि त्याला वीस आमदार? थट्टा करता काय?

सरपंचसाहेब, थट्टा नाही. २०२२ च्या जनगणनेत १,६८१ माणसं मोजली गेली. विधानसभेत वीस सभासद, म्हणजे एका सभासदामागे चौऱ्याऐंशी माणसं, तान्ही पोरं धरून. चौदा गावांचे चौदा, आणि सगळ्या बेटाने मिळून निवडलेले सहा. मुदत तीन वर्षं. सभापती मात्र सभासदांतला नसतो, बाहेरून निवडतात. सभासद आपल्यातून सरकारप्रमुख निवडतात, आणि तो आपले मंत्री घेतो. १९७४ च्या घटनेत तिघांची तरतूद होती. राजकीय पक्ष होता एक, तोही २००३ च्या सुमारास मोडला. आता सगळेच अपक्ष.

चौदा गावं म्हटली तरी मापं सारखी नाहीत. आलोफीत शेकड्यांनी माणसं, तर नामुकुलूत जेमतेम डझनभर. तरी गावाला जागा एकच. (आलोफी उत्तर आणि आलोफी दक्षिण अशी दोन गावं मोजतात, एवढीच सवलत.) तुम्हाला हे अन्यायाचं वाटेल, मलाही कागदावर वाटलं होतं. पण जुन्या काळी उत्तरेचे मोतू आणि दक्षिणेचे ताफिती असे दोन तट एकमेकांशी लढत असत. कुठल्याच गावाला वगळायचं नाही, या हट्टामागे ती आठवण असावी, असं मला वाटतं. पुष्कळ गावांत निवडणूकच होत नाही, एकच अर्ज येतो. "उभं राहायला माणूस नको का!" इति शेजारीणबाई.

आणि इतक्या लहान ठिकाणी खुर्ची पक्की असते असं समजू नका. पहिले प्रीमियर, म्हणजे सरकारप्रमुख, सर रॉबर्ट रेक्स १९७४ पासून १९९२ मध्ये मरेपर्यंत पदावर होते, हे खरं; तो क्रेनचा धक्का त्यांच्याच नावाचा. पण टोके तालांगी २००८ पासून बारा वर्षं प्रीमियर होते, आणि २०२० च्या निवडणुकीत त्यांची स्वतःचीच जागा गेली. तुमच्याकडे असं झालं तर गावाबाहेर जाऊन राहता येतं. इथे दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात दूध घ्यायचं, आणि पाडणाऱ्यांतला निम्मा गाव चुलत-मावस.

एक दिवस विधानसभेची इमारत बाहेरून पाहिली. फाटकाजवळ कोंबडी पिलांना घेऊन फिरत होती. सुरक्षारक्षक शोधला, सापडला नाही.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. न्यूए स्वतंत्र देश आहे की न्यूझीलंडचा भाग? एका वाक्यात सांगा.

एका वाक्यात : न्यूझीलंडशी स्वेच्छेने जोडून घेतलेलं स्वशासित राष्ट्र.

पण त्या वाक्यावर मुलाखत निभायची नाही, म्हणून थोडं पुढे वाचा. १९०० मध्ये ब्रिटिशांनी बेट संरक्षणाखाली घेतलं आणि १९०१ मध्ये न्यूझीलंडला जोडलं. सुरुवातीला कारभार कुक बेटांबरोबर एकत्र बांधला, तो न्यूएच्या लोकांना मुळीच रुचला नाही आणि थोड्याच वर्षांत वेगळा करावा लागला. पुढे वसाहती सोडायचे दिवस आले. कुक बेटांनी १९६५ मध्ये स्वशासन घेतलं. न्यूए म्हणालं, घाई नको. मग १९७४ मध्ये सार्वमत झालं आणि १९ ऑक्टोबर १९७४ पासून घटना लागू झाली. राष्ट्रप्रमुख ब्रिटनचा राजा. कायदे न्यूएचे, न्यूएने मागितल्याशिवाय न्यूझीलंडचा कायदा तिथे चालत नाही. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार न्यूझीलंडकडे, पण न्यूएच्या संमतीने. न्यूएची माणसं न्यूझीलंडची नागरिक. आणि लागेल ती आर्थिक, प्रशासकीय मदत देण्याची जबाबदारी न्यूझीलंडने कायद्यातच घेतली आहे. यातलं शेवटचं कलम विसरू नका. सरकारचा गाडा बराचसा त्यावर चालतो.

संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व नाही, पण युनेस्को आणि जागतिक आरोग्य संघटना यांचं आहे. भारताने २०१२ मध्ये राजनैतिक संबंध जोडले, अमेरिकेने २०२३ मध्ये सार्वभौम म्हणून मान्यता दिली. तेव्हा 'हो की नाही' विचारणारा प्रश्न आला तर तो प्रश्नच चुकीचा आहे. पण परीक्षेत असं लिहू नका.

प्रश्न : माझी दोन्ही मुलं परदेशी. तुम्ही लिहिलंत की न्यूएची बहुतेक माणसं बेटाबाहेर राहतात. आईबापांनी जाऊ कसं दिलं?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माझी लेकही बाहेरच आहे, तेव्हा शहाणपण सांगायच्या भानगडीत पडत नाही, दिसलं ते सांगते.

१९६६ मध्ये बेटावर पाच हजारांवर माणसं होती. १९७० च्या आसपास विमानतळ झाला. नागरिकत्व हातात होतंच, व्हिसाचा प्रश्न नाही. ऑकलंडच्या कारखान्यांत काम मिळत होतं. एक भाऊ गेला, त्याने दुसऱ्याला बोलावलं, मग आईला नेलं. आज न्यूझीलंडच्या जनगणनेत तीस हजारांहून जास्त लोक स्वतःला न्यूएचे म्हणवतात, म्हणजे बेटावर राहणाऱ्यांच्या कितीतरी पट. त्यांच्यातल्या थोड्यांनाच आता भाषा येते. माझं मत विचाराल तर ज्या पासपोर्टमुळे हे छोटं सरकार उभं आहे, त्याच पासपोर्टमुळे त्याची गावं रिकामी होतायत. आणि कुणी तो परत द्या म्हणालं तर बेटावर एक हात वर होणार नाही. शेजारीणबाईंना मी हे बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तू तुझा देशील?"

पण जाणं म्हणजे तुटणं नाही, ते मी त्या समारंभात पाहिलं. आपल्याकडे जावळ काढतात ना, तसाच हा विधी, फक्त उशिरा. मुलग्याचे केस जन्मापासून वाढवतात आणि बारा-तेरा वर्षांचा झाला की थाटामाटात कापतात. (मुलींचे कान टोचतात, तोही असाच मोठा सोहळा.) शेजारीणबाईंचा नातू ऑकलंडमध्ये वाढलेला, कमरेपर्यंत केस, शाळेत सगळे चिडवायचे म्हणून वैतागलेला. त्याचे केस कापायला तीन पिढ्या विमानाने आल्या होत्या. हाकुपू गावच्या सभागृहात त्याला मधोमध खुर्चीवर बसवलं. केसांच्या बारीक बारीक बटा करून प्रत्येकीला रिबीन बांधलेली. नाव पुकारलं की त्या माणसाने पुढे यायचं, कात्रीने एक बट कापायची, पाकीट ठेवायचं. कापलेली बट ज्याची त्याला. माझंही नाव पुकारलं! पोरगा हळूच इंग्रजीत म्हणाला, "आजी, कानाजवळ नको." निळ्या रिबिनीची ती बट माझ्याकडे आहे.

कोपऱ्यात एक बाई शाळेच्या दुरेघी वहीत लिहीत होती. नाव, रक्कम, डुक्कर किती, अळकुड्या किती, कोंबडीचे खोके किती. ती वही पाहून मला एकदम घरच्यासारखं वाटलं : आहेराची वही! कुणी किती दिलं ते लिहायचं आणि त्यांच्या घरच्या कार्याला तेवढं, जमलं तर थोडं जास्त, परत करायचं. बाहेर मैदानात खाण्याचे ढीग रांगेने मांडले होते. अख्खी डुकरं, अळकुड्यांच्या राशी, टिनचं मांस, दोरीने बांधलेले नारळखेकडे, ज्यांना तिथे उंगा म्हणतात. समारंभ संपला की देणाऱ्याच्या मानाप्रमाणे तो ढीग वाटला जातो. मी शाकाहारी, तेव्हा माझ्या वाट्याला ताकिही आलं. अळकुडी आणि पपईच्या चकत्या एकावर एक रचून, नारळाचं घट्ट दूध ओतून, पानात बांधून तापल्या दगडांच्या भट्टीत भाजतात. गोडसर, जड, अंगावर येणारं. दोनदा घेतलं.

डोकं हलकं झालेला मुलगा संध्याकाळभर मानेवरून हात फिरवत होता.

प्रश्न : मी जमिनीचे व्यवहार करतो. एवढी रिकामी घरं आहेत म्हणता, तर समुद्राकाठी एखादा प्लॉट मिळेल का? भाव काय चाललाय?

भाव नाही, कारण विक्री नाही. न्यूएवर जमीन विकत घेता येत नाही, न्यूएच्या माणसालाही नाही. ती मांगाफाओआची, म्हणजे एका पूर्वजापासून आलेल्या सगळ्या कुळाची. वापरायचा हक्क मिळतो, भाडेपट्टा होतो, वाद झाला की जमिनीच्या कोर्टात वंशावळी निघतात. कुळातली निम्मी माणसं ऑकलंडमध्ये, काही ऑस्ट्रेलियात. एका सहीसाठी चार शहरं पालथी घालावी लागतात. म्हणून घरं रिकामी राहतात आणि पडतातही. गावोगाव अशी सिमेंटची घरं दिसतात, खिडक्या नाहीत, आत पपईचं झाड वाढलेलं. जमीन बाहेरच्याच्या हाती जात नाही, ही त्याची दुसरी बाजू. तुम्हाला ती आवडायची नाही.

शेजारीणबाईंचं माहेरचं घर हाकुपूतच आहे. निघायच्या आदल्या दिवशी त्या मला तिथे घेऊन गेल्या. तिथे थडगी घरासमोरच, रस्त्याकडेला असतात. त्यांच्या वडिलांचंही दारासमोर, पांढरं रंगवलेलं, त्यावर प्लॅस्टिकची फुलं. भोवतालचं गवत एक चुलतभाऊ कापतो. त्यांनी कुलूप काढलं, खोल्या झाडल्या, पालापाचोळा बाहेर जाळला, आणि थडग्यावरची धूळ पदरासारख्या ओढणीने पुसली. मग पायरीवर बसून आम्ही एकेक शहाळं प्यायलो. छताचा एक पत्रा उडालेला होता. "हा बसवून घ्या की," मी म्हटलं. त्या म्हणाल्या की अकरा जणांना विचारावं लागेल, आणि त्यातला एक फोन उचलत नाही. कुलूप लावून किल्ली त्यांनी थडग्याच्या उशाशी, फुलांच्या डब्याखाली ठेवली.

"इथे? कुणी घेईल ना," मी म्हटलं.

"म्हणूनच ठेवते," त्या म्हणाल्या. "कुणी आलंच, तर उघडता आलं पाहिजे."